इंटरनॅशनल कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचं एमएससी करावं का? (साइटवरच्या सिव्हिलवाल्याचा प्रश्न)

परभणीकर_सिव्हिल

नमस्कार मंडळी. बीई सिव्हिल झालंय, सध्या जालन्याकडं एका गुत्तेदाराकडं साइट इंजिनिअर म्हणून काम करायलोय. काम म्हणजे सिमेंट रस्ते, नाल्या, मधीच एखादा बॉक्स कल्व्हर्ट. पगार २२ हजार, तो पण वरून बिल निघालं की मिळतो नाहीतर लटकतो. लेव्हल घेणं, बीबीएस (सळईचा हिशोब) काढणं, काँक्रीटचे क्यूब भरून लॅबला पाठवणं, मुकादमाची हजेरी, आरए (चालू कामाच्या) बिलाची मापं, सगळं एकट्याच्याच गळ्यात आहे म्हणजे शिकायला भरपूर मिळतंय पण ह्याच्या पुढं काय ते दिसंना.

संभाजीनगरात एका कन्सल्टन्सीत गेलो होतो. त्यांनी इंग्लंडचा इंटरनॅशनल कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट अँड इंजिनिअरिंग असा एक वर्षाचा एमएससी सांगितला. म्हणे दोन वर्षात लोन फिटतं, नंतर मजाच मजा. ते ऐकूनच शंका आली खरं तर. माझं विचारणं असं की ह्या कोर्सात नेमकं शिकवतात काय, मॅनेजमेंट म्हणजे निस्तं पीपीटी का अजून काही, आणि ते शिकून इथं किंवा गल्फमध्ये खरंच उपयोग होतो का. का त्यापेक्षा निकमार (कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटची संस्था) किंवा गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) देऊन एमटेक बरं? घरी पाच एकर आहे, कापूस-सोयाबीन. वडील म्हणायलेत दीड एकर काढू, तू जा. मला ते काही पटंना. शिक्षण बारावीपर्यंत सेमी इंग्लिश, समजतं सगळं पण बोलायला अडतं. कुणी केलं असेल तर खरं खरं सांगा.

काळी_माती

भावा पहिलं काम, वडिलांना सांग जमिनीला हात लावायचा नाही.

आता हिशोब बघ. तिकडची फी २५-३० हजार पौंडाच्या घरात, राहणं-खाणं धरून ४० लाख कुठं गेले कळत नाही. ४० लाख, ११ टक्के, १० वर्षं असं धरलं तर हप्ता ५५ हजारांच्या आसपास बसतो, आणि शिकत असताना चढलेलं व्याज त्याच्यात धरलेलं नाही. आणि बँकेत जाऊन सातबारा दाखवशील तर साहेब गोड हसून परत देईल, शेतजमीन तारण म्हणून शैक्षणिक कर्जाला सहसा घेतच नाहीत. त्यांना एनए (बिगरशेती) प्लॉट, घर, एफडी नाहीतर एलआयसीची पॉलिसी लागते. तारण नसलं की मग खाजगी फायनान्सवाले, त्यांचं व्याज अजून वर. कन्सल्टन्सीवाला हे सांगत नाही कारण त्याला युनिव्हर्सिटीकडून कमिशन असतं.

मी शिकू नको म्हणत नाही. पण दोन वर्षात लोन फिटतं म्हणणाऱ्याला आधी हप्ता किती बसतो ते विचार, तोंड बघण्यासारखं होईल.

दोहा_लातूरकर

वरच्या भावानं पैशाचं सांगितलं ते बरोबरच आहे. मी कोर्सात काय असतं आणि त्याचा पैसा कुठं होतो ते सांगतो. मी स्वतः लातूरचा, आधी पुण्यात बिल्डरकडं बिलिंग, मग इकडं दोह्याला क्यूएस (क्वांटिटी सर्व्हेअर, मापं-किमतीचा हिशोब बघणारा) म्हणून आलो, आता काँट्रॅक्ट्सला आहे. जरा लांबेल, चहा घेऊन बस.

आपल्याकडं साइटवर काम येणं म्हणजे काँक्रीट चांगलं होणं, लेव्हल बरोबर येणं. इकडं तेवढंच धरत नाहीत. इकडं पत्र वेळेवर गेलं का ते आधी बघतात. हे ऐकायला फालतू वाटतं पण सगळा खेळ तिथंच आहे. आंतरराष्ट्रीय कामांवर बहुतेक वेळा फिडिकचा करार असतो. फिडिक म्हणजे कन्सल्टिंग इंजिनिअरांची जागतिक संघटना, १९१३ ची, ऑफिस जिनिव्हाला. त्यांची रंगाची पुस्तकं असतात. लाल पुस्तक म्हणजे डिझाइन मालकाचं आणि तुम्ही फक्त बांधायचं, पिवळं म्हणजे डिझाइन पण तुमचंच, आणि सिल्व्हर म्हणजे सगळं काम एकहाती, चावी हातात द्यायची आणि रिस्क पण जवळजवळ सगळी तुमच्याच डोक्यावर. १९९९ ची आवृत्ती अजून भरपूर चालते, २०१७ ची हळूहळू यायलीय.

आता एक उदाहरण घे. समज पुलाचं काम आहे, करारात लिहिलंय की अमुक तारखेला अबटमेंटची (पुलाच्या टोकाच्या आधाराची) जागा ताब्यात मिळणार. मिळाली नाही, कारण कुणाचं तरी भूसंपादन अडकलं. तुझी पाइलिंग रिग (पायासाठी खोल भोकं पाडायचं मशीन) उभी, ऑपरेटर बसून पगार घ्यायलाय, जनरेटरचं भाडं चालू. आपल्याकडं काय होतं, मालक कार्यकारी अभियंत्याला जाऊन भेटतो, साहेब म्हणतात बघू, आणि बघूमध्ये सहा महिने जातात. फिडिकच्या १९९९ च्या पुस्तकात कलम २०.१ म्हणतं की अडचण कळल्यापासून किंवा कळायला पाहिजे होती तेव्हापासून २८ दिवसात लेखी नोटीस द्या, नाही दिली तर मुदतवाढ पण गेली आणि जादा पैसे पण गेले. रिग खरोखर उभी होती हे सगळ्यांना माहीत असलं तरी गेले. आणि अडचण कळल्यापासूनच मोजून ४२ दिवसात सविस्तर क्लेम, २०१७ च्या आवृत्तीत त्याचे ८४ दिवस झालेत. म्हणजे बघ, २२ हजारावर काम करणारा साइट इंजिनिअर रोजच्या डीपीआरमध्ये (कामाच्या प्रगतीच्या अहवालात) 'रिग आयडल, जागा नाही' एवढी एक ओळ लिहायला विसरला तर कंपनीचे करोड रुपये लटकतात. ही ओळ कुठं लिहायची, कुणाला सीसी करायची, त्याच्यावर प्रोग्रॅम (कामाचं वेळापत्रक) कसा अपडेट करायचा, हे त्या एमएससीच्या काँट्रॅक्ट आणि प्लॅनिंगच्या विषयात शिकवतात. ह्याला पीपीटी म्हणायचं असलं तर म्हण.

मग येतं डिले अ‍ॅनालिसिस. प्रायमाव्हेरा ह्या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरात बार काढता येणं ही कारकुनी आहे, ते यूट्यूबवरून पण येतं. खरा प्रश्न हा की दोन उशीर एकाच वेळी झाले, एक मालकाचा एक तुमचा, तर मुदतवाढ कुणाला किती. फ्लोट (वेळापत्रकातली मोकळी सवड) कुणाच्या मालकीचा ह्याच्यावर मोठमोठे वकील भांडतात. इंग्लंडच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉचा डिले अँड डिसरप्शन प्रोटोकॉल आहे, २००२ चा, दुसरी आवृत्ती २०१७. तो नेटवर फुकट मिळतो. परवा रात्री जेवण झाल्यावर त्याची पहिली वीस पानं वाचून बघ. मजा आली तर हा कोर्स तुझ्यासाठी आहे, झोप आली तर ४० लाख वाचले.

आणि एक. भारतात करार कायद्याचं कलम २८ आहे त्यामुळं अशा '२८ दिवसात नाही तर हक्क गेला' टाइपच्या अटी आपल्या कोर्टात किती टिकतात ह्याच्यावर वाद आहे. इंटरनॅशनल हा शब्द कोर्सच्या नावात ह्याच्यासाठी असतो, तोच करार वेगळ्या देशाच्या कायद्याखाली वेगळा वागतो. करन्सी, महागाईचा फॉर्म्युला, परफॉर्मन्स बाँड (काम पुरं करण्याची हमी), लवाद, सगळं त्याच्यातच येतं.

परभणीकर_सिव्हिल

दादा लई भारी सांगितलं, ते २८ दिवसांचं वाचून अंगावर काटाच आला, आमच्याकडं तर पत्र लिहिलं की साहेब नाराज होतात म्हणून मालक लिहूच देत नाही. पण मग शंका अशी की इथं आमच्या टेंडरमध्ये हे फिडिक कधी दिसलंच नाही. बी-१ (सरकारी टेंडरचा) फॉर्म असतो, बिलो (अंदाजापेक्षा कमी दर) भरायचा आणि काम करायचं. मग शिकून परत आलो तर मराठवाड्यात त्याचा काय उपयोग?

निवृत्त_उपअभियंता

बी-१ ला नावं ठेवू नकोस लेकरा. टक्केवारी दराचा तो फॉर्म निदान नीट वाचलायस का? कलम ३८ काढ. टेंडरातल्या परिमाणापेक्षा २५ टक्क्यांच्या वर काम वाढलं तर वाढीव कामाचा दर कसा ठरवायचा ते त्याच्यात दिलंय. हे कलम माहीत नसलेले गुत्तेदार मी आयुष्यभर पाहिलेत, आणि माहीत असूनही अंगलट येईल म्हणून न लावणारे अधिकारी पण पाहिलेत. शेवटी फिडिक काय आणि बी-१ काय, कागद वाचायची सवय लागते.

आणि मराठवाड्यात हे कधी आलंच नाही असं समजू नकोस. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतरचं लातूर-उस्मानाबादचं पुनर्वसन जागतिक बँकेच्या कर्जावर झालं. ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली, बाकी ठिकाणी घरं मजबूत करायची होती. मी तेव्हा नवा कनिष्ठ अभियंता. आम्हाला मापपुस्तिका भरणं माहीत होतं, पण बँकेच्या नियमानं खरेदी कशी करायची, प्रगतीचा अहवाल कोणत्या तक्त्यात द्यायचा, गावकऱ्यांची बैठक घेऊन त्याचं इतिवृत्त कशाला ठेवायचं, ह्याचा पत्ता नव्हता. बाहेरचे कन्सल्टंट यायचे, आमच्यापेक्षा वयानं लहान, आणि एका फाइलीवरून आख्ख्या गावाचं काम कुठं अडकलंय ते सांगायचे. चिडचिड व्हायची, पण ते बरोबर असायचे. (सगळ्याच बाबतीत नाही. दगड-मातीच्या माळवदाच्या घरात राहिलेल्या माणसाला रांगेतलं चौकोनी घर द्यायचं आणि बैल कुठं बांधायचा ते विचारायचं नाही, हे कोणत्याच तक्त्यात नव्हतं.)

आज तुझ्या डोळ्यासमोर समृद्धी झाला, ७०१ किलोमीटर, जालन्यावरूनच गेला. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक (औद्योगिक शहर) उभं राहायलंय. मुंबईची मेट्रो तीन, अटल सेतू, बुलेट ट्रेन ही सगळी जपानच्या जायका ह्या सरकारी संस्थेच्या कर्जावरची कामं. कर्ज देणाऱ्याचा पैसा आला की कर्ज देणाऱ्याचा करार पण मागून येतो. अशा ठिकाणी काँट्रॅक्ट कळणारा माणूस लागतो आणि आपल्याकडची पोरं तिथं साइटवर उन्हात दिसतात, ऑफिसात कमी दिसतात.

सेलूची_लेक

मी सध्या इंग्लंडात कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटलाच आहे, डिसर्टेशन (शेवटचा प्रबंध) चालू आहे, म्हणून जरा घाईत लिहिते, चुकलं माकलं चालवून घ्या.

कोर्सचं असं असतं, एकूण १८० क्रेडिट, त्यातले साधारण ६० डिसर्टेशनचे, बाकी विषय. सप्टेंबरात सुरू, मे-जूनपर्यंत क्लास आणि परीक्षा, उन्हाळ्यात डिसर्टेशन. तू म्हणतोस त्या नावाचा एमएससी लीड्सला आहे. रीडिंग, लफबरा, मँचेस्टर, यूसीएल इथं पण जवळपास तेच वेगवेगळ्या नावानं मिळतं, नावापेक्षा मॉड्यूलची यादी उघडून बघ. दोहावाल्या दादांनी सांगितलं ते तर असतंच, शिवाय इकडं एनईसी नावाचा करार चालतो. त्याच्यात भांडण व्हायच्या आधीच 'अर्ली वॉर्निंग' द्यायची पद्धत आहे, अडचण दिसली की दोघांनी बसून बोलायचं. आपल्याकडच्या माणसाला आधी ते खोटंच वाटतं. बीआयएम (इमारतीचं कॉम्प्युटर मॉडेल) भरपूर, आणि ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर, २०१७ मध्ये ७२ माणसं गेली त्यात, २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्ट आला, तर सेफ्टीच्या कायदेशीर जबाबदाऱ्या फार गांभीर्यानं शिकवतात.

मला सगळ्यात आवडलेली केस स्कॉटलंडच्या संसदेच्या इमारतीची. सुरुवातीला ४० मिलियन पौंडाच्या आत होईल म्हणाले आणि २००४ ला उघडली तेव्हा ४१४ मिलियन. वर्गात आधी सगळे आर्किटेक्टला शिव्या घालत होते, आणि मग चौकशी अहवाल वाचायला दिला. तर त्याच्यात मुख्य बोट दाखवलंय ते कामाची पद्धत निवडण्यावर. डिझाइन पूर्ण नसताना वेगवेगळी पॅकेजं थेट मालकानं द्यायची, म्हणजे किंमत वाढली की सगळी मालकाच्या अंगावर. हा निर्णय एकदा सुरुवातीला झाला आणि पुढं कुणी कितीही मरमर काम केलं तरी उपयोग नव्हता. आमच्या ग्रुपात एक नायजेरियन, एक चिनी, एक ओमानचा, आणि प्रत्येकजण म्हणाला की आमच्या गावात अस्संच एक काम आहे.

तुझ्या इंग्रजीबद्दल. आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) बहुतेक ठिकाणी साडेसहा मागतात, ते अभ्यास करून येतं. खरी अडचण लिहिण्याची. ३००० शब्दांचा निबंध, त्यात तुझं मत आणि त्याला आधार पाहिजे. आपण इंजिनिअरिंगला पाच मार्काला दीड पान ह्या हिशोबानं लिहिलेलं असतं, पहिल्या सेमिस्टरला तिथंच मार खातो सगळे. पण साइटवर काम केलेल्याला एक फायदा आहे, उदाहरणं स्वतःची असतात. सरळ बीई करून आलेली पोरं रिस्क रजिस्टरमध्ये 'रेन' लिहितात, तू लिहिशील की पावसात खदानीत पाणी भरलं की खडी बंद होते आणि आरएमसीवाला (तयार काँक्रीटवाला) रेट वाढवतो.

व्हिसाचं नीट ऐक कारण कन्सल्टन्सीवाले जुनं सांगतात. ग्रॅज्युएट रूटवर (शिकून झाल्यावर इकडं राहायच्या व्हिसावर) दोन वर्षं मिळायची, आता १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना १८ महिने. तू पुढच्या वर्षी आलास तर तू त्याच्यातच. टॉट (क्लासवाल्या) मास्टर्सला २०२४ पासून नवरा-बायकोला डिपेंडंट म्हणून आणता येत नाही, लग्न ठरलं असेल तर घरी आधीच सांग. शिकताना आठवड्याला २० तास काम करता येतं, त्यातून किराणा निघतो, फी निघत नाही. हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड, तो वेगळा भरायचा. टीबीची टेस्ट लागते. आणि पैसे खात्यावर सलग २८ दिवस दिसले पाहिजेत, मधी एक दिवस जरी कमी झाले तरी परत पहिल्यापासून मोज. (इथं पण २८ दिवसच बघा.)

नंतरच्या नोकरीचं गोड बोलणार नाही. स्पॉन्सर करणारी कंपनी शोधावी लागते आणि पगाराची मर्यादा वाढवत वाढवत ४१,७०० पौंडावर नेलीय, नवख्यांना थोडी सूट आहे. माझ्या ओळखीतल्या ज्यांना इकडं येण्याआधी दोन-चार वर्षं साइट किंवा बिलिंगचा अनुभव होता त्यांचंच लवकर जमलं.

दोहा_लातूरकर

ताईनं शेवटी सांगितलं ते अधोरेखित कर. गल्फमध्ये पण तेच, नुसत्या एमएससीवर कुणी काँट्रॅक्ट्सला घेत नाही. आधी क्यूएस किंवा प्लॅनिंगचे चार वर्षं दाखव, मग डिग्रीला वजन येतं. इकडं बरेचजण नोकरी करत करतच शिकतात, हेरियट-वॉटचं दुबईला कॅम्पस आहे तिथं कन्स्ट्रक्शनचे मास्टर्स आहेत. हातात पगार चालू ठेवून फी भरणं आणि वडिलांची जमीन काढून भरणं ह्यात फरक आहे. आरआयसीएस किंवा सीआयओबी ह्या ब्रिटिश व्यावसायिक संस्थांची मेंबरशिप हे पण डोक्यात असू दे, ब्रिटिश कन्सल्टंटच्या जाहिरातीत ती विचारतात.

गेटचं पण विचारलं होतंस. आयआयटी मद्रास, दिल्ली, मुंबई तिन्हीकडं कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटच्या अंगानं एमटेक आहे, व्हीजेटीआयला पण आहे. महिन्याला १२,४०० स्टायपेंड, म्हणजे तुझ्या आजच्या पगाराच्या साधारण अर्धा, पण खिशातून फारसं काही जात नाही. निकमार १९८३ पासून फक्त हेच शिकवतंय आणि भारतातल्या मोठ्या ठेकेदार कंपन्यांत त्यांची माणसं भरपूर आहेत, पण फी तिथं पण लाखातच. मी तुझ्या जागी असतो तर आधी गेट दिली असती, लागली तर लागली.

काळी_माती

आणि शिष्यवृत्ती कुणी बोललंच नाही! अनुसूचित जातीतला असशील तर सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी असशील तर सारथीची, ओबीसी-भटक्यांसाठी त्यांच्या विभागाची वेगळी. बहुतेकांना विद्यापीठ क्यूएस जागतिक रँकिंगमध्ये २०० च्या आत पाहिजे आणि घरच्या उत्पन्नाची मर्यादा असते. मिळाली तर फी, राहणं, विमान सगळं शासनाकडून. जाहिरात आली की दाखले जमवायला पळापळ होते, म्हणून उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, नॉन क्रीमिलेअर जे लागू असेल ते आत्ताच काढून ठेव, जूनमध्ये तहसीलला शाळा-कॉलेजवाल्यांची जत्रा असते. चेव्हनिंग (ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती) पण बघ, त्याला जात नाही लागत, दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झालं की दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. तुझ्या डोक्यात तर परत यायचा विचार आहेच.

परभणीकर_सिव्हिल

सगळ्यांचे लई आभार. जमीन विकायचा विषय कालच घरी बंद केला, आईला बरं वाटलं. ठरवलंय असं की फेब्रुवारीची गेट द्यायची, सोबत चेव्हनिंग आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा, आणि लोन काढून मात्र जायचं नाही, निदान आत्ता तरी. तो प्रोटोकॉल उघडला, झोप नाही आली, फ्लोटचं वाचून उलट आमच्या नालीच्या कामाचाच बार चार्ट काढत बसलो. उद्यापासून साइट डायरी पण नीट लिहिणार आहे, मालक काही का म्हणंना.

आता एक बारीक शंका. माझं कॉलेज मराठवाड्यातलं पण डिग्री लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची. फॉर्मवर ड्रॉपडाउनमध्ये बाबासाहेब आंबेडकर नावाची दोन-तीन विद्यापीठं येतात, कोणतं टाकायचं?

सेलूची_लेक

लोणेऱ्याचंच टाक, नावात 'टेक्नॉलॉजिकल' असलेलं. मराठवाडा विद्यापीठ निवडलंस तर ट्रान्सक्रिप्टशी जुळणार नाही आणि ॲडमिशनवाले मेलवर मेल करत बसतील. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच बंद पाकिटात किंवा त्यांच्या मेलवरून लागतात, कॉलेजचा शिक्का चालत नाही बऱ्याच ठिकाणी. सीजीपीएचे टक्के करायचं पत्र पण सोबतच माग, नाहीतर त्याच्यासाठी परत एक चक्कर पडते. आणि रेफरन्ससाठी एक सर कॉलेजचे आणि एक साइटवरचा कुणीतरी, पण मालकाला विचारू नको, तुझ्यावरच्या प्रोजेक्ट मॅनेजरला विचार, ऑफिसचा मेल आयडी असलेला.